बादची पिशवी

झालेलं काम यादीत लिहून लगेच त्यावर रेघ मारण्यात जे सुख आहे, ते ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. सकाळी दूध तापवलं की मी कागद घेते, पहिली ओळ लिहिते 'दूध तापवणे', आणि तिच्यावर आडवी रेघ ओढते. नवरा म्हणतो, ही शुद्ध फसवणूक आहे. असेल. पण दिवसाची सुरुवात एका जिंकलेल्या कामाने झाली तर कुणाच्या बापाचं काय जातं? बरोबरची खूण मला आवडत नाही. ती शाळेतल्या बाईंनी शाबासकी दिल्यासारखी वाटते. रेघ कशी, विषय संपवते.

कागद पाठकोरा लागतो. कोरा करकरीत घेतला तर हात बिचकतो. पेन मात्र चांगलं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणी घेतलेलं मला खपत नाही. घरात माझं नाव 'यादवी' पडलंय. नवऱ्याने पाडलेलं. मी कागद घेऊन बसले की तो बाबांना ओरडून सांगतो, "बाबा, सांभाळा! घरात यादवी सुरू झाली!" ओरडून, कारण बाबांना कमी ऐकू येतं. बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. ते कानातलं यंत्र नीट करतात, हसतात आणि म्हणतात, "हिच्या आईला कोपऱ्यावरून चार वस्तू आणायला सांगितल्या तर दोन विसरून यायची आणि भलत्याच दोन घेऊन यायची. ही कुणावर गेली कोण जाणे."

मी कुणावरही गेलेली नाही. मी कामावर गेलेय. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे मी देखरेख करते. वरच्या खोल्यांमधून चादरी, टॉवेल, अभ्रे ढिगांनी खाली येतात. एकेक उलगडायचं, दिव्यासमोर धरायचं आणि ठरवायचं. डाग निघणारा असेल तर धुवायला, उसवलेलं असेल तर शिवायला, आणि डाग मुरलेला असेल तर बाद. तेलाचा डाग जुना झाला की कडेने पिवळा पडतो आणि मधे काळपट होतो. तो निघत नाही, कितीही उकळा. असा अभ्रा हातात आला की माझा हात आपोआप डावीकडे जातो, बादच्या ढिगाकडे. त्या ढिगाकडे पुन्हा बघायचं नाही हे मी नवीन मुलींना पहिल्या दिवशीच सांगते. बघितलं की हात थांबतो, आणि मागे डोंगर वाढत राहतो. ठेवायच्या कपड्यांची यादी होते. बादची यादी होत नाही. जे जाणारच आहे ते लिहून काय करायचंय?

घर बदलायचं ठरलं ते बाबांच्या गुडघ्यांसाठी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाबा एकेका पायरीवर थांबून कठड्याशी गप्पा मारल्यासारखे उभे राहायचे. तळमजल्यावरची जागा मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्या दिवशी जो तो माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी बापाला अडगळ समजते.

त्या घरबदलाची यादी माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी यादी होती. प्रत्येक खोक्याला क्रमांक, क्रमांकासमोर आतल्या वस्तू, वस्तूंसमोर नव्या घरातली जागा. झाऱ्यापासून झाडूपर्यंत एकही वस्तू सुटली नव्हती. नवरा म्हणाला, "सामानाचा नको, या यादीचा विमा काढू या." मी रात्री झोपताना ती उशाशी घेऊन झोपत होते, आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

बाबांची खोली मी त्याच दिवशी सकाळी उरकली, ते खालच्या मजल्यावरच्या काकांचा निरोप घ्यायला गेले होते तेवढ्यात. माणूस समोर असला की प्रत्येक चिंधीचा इतिहास ऐकावा लागतो. कपडे खोक्यात, औषधं खोक्यात, आणि फाटकं-तुटकं, विटलेलं, डागाळलेलं सगळं एका काळ्या पिशवीत. पिशवीवर मी खडूने लिहिलं, 'बाद', आणि ती हमालाबरोबर खाली फाटकापाशी ठेवायला पाठवली.

दुपारी टेम्पोची पहिली फेरी गेली. बाबा रिकाम्या होत चाललेल्या खोलीत खुर्चीवर डुलकी काढत होते. चष्मा आणि कानातलं यंत्र त्यांनी स्टुलावर काढून ठेवलं होतं, शेजारी फोन. स्टूल खाली न्यायचं होतं. मी तिन्ही वस्तू उचलल्या, औषधांच्या खोक्यात नीट, रुमालात गुंडाळून ठेवल्या, यादीत वाढवल्या आणि रेघ मारली. मग ते खोकं घेऊन मी नव्या घरी सामान उतरवून घ्यायला पुढे गेले. दुसऱ्या फेरीबरोबर नवरा आणि बाबा यायचे होते.

नव्या घराच्या दारात मी यादी घेऊन उभी होते. कपाट आलं, रेघ. गाद्या, रेघ. शेवटी फ्रिज आला आणि मी शेवटची रेघ मारली. कागद वरपासून खालपर्यंत रेघांनी भरला होता. एक चमचासुद्धा मागे राहिला नव्हता. स्कूटरवरून उतरणाऱ्या नवऱ्याला मी तो कागद दाखवला. "बघ. याला म्हणतात काम."

"मानलं," तो हेल्मेट काढत म्हणाला. "आधी बाबांना चहा कर. दमले असतील."

"बाबा कुठायत?"

"टेम्पोत ना."

टेम्पोत ड्रायव्हर होता आणि हमाल होता. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा तर 'आलोच' म्हणून खाली उतरले होते. मग साहेब म्हणाले चला, मला वाटलं ते साहेबांच्या मागे बसले."

"मला वाटलं ते तुझ्या शेजारी बसलेत," नवरा म्हणाला.

"म्हणजे तुम्हा दोघांना नुसतं वाटलं!" मी ओरडले. "एकानेही वळून बघितलं नाही?"

नवऱ्याने माझ्या हातातली यादी घेतली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, उलटून मागची बाजू बघितली. "यात बाबा कुठे आहेत?"

"माणसं काय यादीत लिहायची असतात?"

"मग कुणी आणायचं होतं त्यांना, हे मला कसं कळणार? झाडूपुढे तू माझं नाव लिहिलंयस."

यादी माझ्या हातात परत कोंबून तो स्कूटर वळवून जुन्या घराकडे गेला. मी बाबांना फोन लावला, आणि माझ्या मागे, भिंतीशी रचलेल्या खोक्यांमधून बाबांचा फोन वाजायला लागला. मी खोकं फाडलं. रुमालात फोन होता, चष्मा होता, कानातलं यंत्र होतं. सगळं सुखरूप पोचलं होतं. जुन्या घरासमोरचा रस्ता म्हणजे ट्रकांची रांग. चष्मा असतानाही बाबांना तो ओलांडायला माझा हात लागायचा. आता त्यांना ट्रक दिसणार नव्हता आणि हॉर्नही ऐकू येणार नव्हता, आणि ही व्यवस्था मी माझ्या हाताने, रुमालात गुंडाळून केली होती.

नवऱ्याचा फोन आला. घर रिकामं, जिना रिकामा, खालचे काका दार लावून झोपलेले. "तू पोलीस चौकीत जा, मी इथे आसपास बघतो," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले.

चौकीतल्या हवालदाराने समोर कागद ओढला. वय, उंची, रंग. मग विचारलं, "अंगावर काय होतं?"

दिवसभर बाप माझ्यासमोर होता. सकाळी त्याला खायला दिलं, दुपारी त्याच्या खुर्चीभोवती फिरून सामान काढलं. अंगावर काय होतं? मी पर्समधून यादी काढली. "निळा शर्ट खोक्यात आहे," मी म्हणाले. "चौकड्यांचा खोक्यात. पांढरे दोन्ही खोक्यात. खाकी बाद केला. म्हणजे अंगावर... राखाडी असणार. हो, राखाडीच."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बाई, वडील हरवलेत की शर्ट?"

मागे बसलेलं कुणीतरी हसलं. एरवी मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण त्या वेळी मला खरोखर वजाबाकी करूनच बापाचा शर्ट सापडला होता, आणि पायात काय होतं ते तर वजाबाकीनेही सापडेना.

"कुठे जातात साधारण? ओळखीची ठिकाणं लिहून द्या," तो म्हणाला आणि कागद पुढे सरकवला.

ठिकाणं लिहून द्या! कुणीतरी मला यादी करायला सांगितली होती. मी पेन काढलं, एकदम धीर आल्यासारखं वाटलं. दवाखाना. केशकर्तनालय. बागेतलं बाकडं. खालचे काका. आणि पेन थांबलं. आणखी कुठे? त्यांचा कुणी मित्र? ते संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे ते कुठे जायचे? मी पेनाचं टोक कागदावर टेकवून बसले, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. आमच्या स्वयंपाकघरात कुठल्या बरणीत काय आहे ते मी झोपेतही सांगीन. आणि बापाच्या चार जागा लिहून माझी यादी संपली होती. त्यातल्या तीन तर मीच त्यांना नेऊन सोडायचे त्या होत्या.

दवाखान्यात नव्हते. बागेत नव्हते. टॅक्सीवाल्याला मी इतकी घाई करत होते की तो म्हणाला, "ताई, उडवू का गाडी?" आणि मी म्हणाले, "उडव!" प्रत्येक राखाडी शर्ट मला बाबांचा दिसत होता. जुन्या घराच्या कोपऱ्यावर माणसं गोळा झालेली दिसली तेव्हा मी गाडी थांबायच्या आतच दाराच्या कडीला हात घातला. एका हातगाडीचं चाक निखळलं होतं, एवढंच. मी टॅक्सीत बसून ढसाढसा रडले, त्या चाकासाठी.

केशकर्तनालयाचा मालक दुकानाच्या दारातच उभा होता. मला बघून तो खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तसाच सोडून पुढे आला. "अहो ताई, तुमचे वडील! मघाशी कचऱ्याच्या गाडीमागे पळत गेले. मी हाका मारल्या, त्यांना ऐकूच गेलं नाही. एका ट्रकवाल्याने असला ब्रेक मारला, की मी डोळेच मिटले."

"लागलं?"

"नाही, नाही. हात दाखवून गेले पुढे. त्या गाडीलाच हाका मारत होते, 'थांब, थांब' करत."

कचऱ्याच्या गाडीमागे का, याचा मला काही पत्ता लागत नव्हता. डोकं फिरलं असेल, असं मनात आलं, आणि मनात आलं म्हणून स्वतःचीच चीड आली. नवरा स्कूटर घेऊन आला. कचरा कुठे नेतात ते केशकर्तनालयाच्या मालकाने सांगितलं, शहराच्या टोकाला, मोठ्या नाल्यापलीकडे. चालत गेलं तर धडधाकट माणूसही वाटेत दोनदा बसेल. वाटभर मी रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होते आणि नवरा सारखा म्हणत होता, "असतील, असतील." मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस," आणि तो गप्प बसला तर तेही सोसवेना.

फाटकावर रखवालदार आडवा आला. नवरा त्याच्याशी हुज्जत घालत राहिला आणि मी आत पळाले. मला वाफेची आणि साबणाची सवय. त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कचऱ्याचे लांबच लांब ढीग, त्यावर तोंडाला फडकी बांधलेल्या बायका काहीबाही वेचत होत्या, आणि एक पिवळं यंत्र मागे-पुढे होत ढीग लोटत होतं. त्या यंत्राच्या मागच्या बाजूला, ढिगाच्या पायथ्याशी, बाबा होते. गुडघ्यांवर बसलेले. दोन्ही हात कोपरापर्यंत कचऱ्यात.

यंत्र मागे येत होतं. मागे येताना ते टूं टूं असा आवाज करत होतं, सगळ्या जगाला ऐकू जाईल असा. वेचणाऱ्या बायका आपोआप बाजूला होत होत्या. बाबा मान खाली घालून उकरत होते.

मी किंचाळले. कशाला किंचाळले, त्यांना ऐकू जाणार नाही हे तर मलाच ठाऊक होतं. किंचाळत धावले, पाय कशात तरी घोट्यापर्यंत रुतला, चप्पल तिथेच राहिली. बाबांची कॉलर माझ्या हातात आली आणि मी त्यांना खेचलं, आणि आम्ही दोघं आडवे पडलो. यंत्राचं चाक आमच्या शेजारून गेलं. चालकाला काहीच कळलं नव्हतं. एका बाईने हातातली काठी त्याच्या काचेवर आपटली तेव्हा ते थांबलं.

बाबांनी मला ओळखायला क्षणभर वेळ घेतला. मग त्यांनी माझा हात झिडकारला. "सोड मला! ती गाडी इथेच ओतलीय!"

"बाबा, चला घरी! मेला असता तुम्ही आत्ता!"

त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. निघताना पर्समध्ये टाकलेला तो रुमाल मी काढला. घाईत यंत्र त्यांच्या कानात बसवायला मला जमेना, शेवटी त्यांनीच ते बसवलं. चष्मा लावला. तळवे सोलवटलेले, एका करंगळीतून रक्त येत होतं. पायात घरातल्या सपाता होत्या.

"काय शोधताय तुम्ही?"

"अभ्रा," बाबा म्हणाले.

"कसला अभ्रा?"

"तिचा. गादीखाली होता. पिशवीत घालून ठेवलेला. जाग आली, बघतो तर गादीच नाही. हमालाने कानात ओरडून सांगितलं, बाईंनी खालच्या पिशवीत टाकलंय सगळं. मी खाली उतरलो तोवर ती गाडीत चढत होती. पळालो, मग मागून येणाऱ्या दुसऱ्या कचऱ्याच्या गाडीवाल्याने वर घेतलं."

मला आठवला. आठवला म्हणजे हाताला आठवला. गादी उचलल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला उशीचा एक अभ्रा. मी तो उलगडून खिडकीच्या उजेडासमोर धरला होता. मधोमध तेलाचा डाग, कडेने पिवळा, मधे काळपट. जुना, न निघणारा. हात डावीकडे गेला होता. आणि प्लास्टिकची पिशवी चांगली होती, म्हणून ती मी झटकून वेगळी ठेवली होती. 'पिशव्या', खोकं सहा. आईच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता तो. आई शेवटचे सहा महिने त्याच उशीवर होती, आणि बाबांनी त्या अभ्र्याला इतकी वर्षं पाणी लागू दिलं नव्हतं.

"बाबा, मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?" ते चिडून म्हणाले. "की म्हातारा रोज दुपारी दार लावून अभ्रा हुंगतो? तू धुतला असतास. तुझं कामच ते."

मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि उकरायला लागले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. काठीवाली बाई मघापासून आमच्याकडे बघत होती. तिने विचारलं काय हरवलंय, मी म्हटलं काळी पिशवी, खडूने वर 'बाद' लिहिलंय. ती म्हणाली, "बाई, इथे सगळं बादच येतं," आणि तीही वाकली. नवरा आला, त्याने बाह्या सरसावल्या. उजेड उतरायला लागला होता. रखवालदार लांबून ओरडत होता की फाटक बंद होणार. बाबांचा श्वास घरघरत होता, आणि मला कळत होतं की तो अभ्रा मिळाल्याशिवाय मी त्यांना इथून हलवू शकणार नाही. देव मी मानत नाही. तरी त्या ढिगात हात घालताना मी कुणाची तरी इतकी विनवणी केली, जितकी आईच्या आजारपणातही केली नव्हती.

पिशवी नवऱ्याला सापडली. फुटलेली. आत कशाकशाचं पाणी शिरलं होतं. मी एकेक काढत गेले, बाबांचा खाकी शर्ट, फाटका टॉवेल, आणि तळाशी तो गोळा. मी तो उलगडला. सगळीकडून सारख्या रंगाचा झाला होता, डाग कुठे होता ते माझ्या डोळ्यांनाही कळेना.

बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि तोंडावर धरला. बराच वेळ धरला. मग बाजू बदलून धरला. मग त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"बघ गं. येतोय का? माझं नाक गेलंय आता. तुझं तरुण आहे."

मी नाकाशी धरला. सडक्या पाल्याचा वास होता, आंबलेल्या पाण्याचा होता. मी डोळे मिटून पुन्हा ओढून घेतला, जितका छातीत मावेल तितका.

"येतोय," मी म्हणाले. "थोडासा. पण येतोय."

मला वाटलं, बाबा रागावतील. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला आठवतो तरी का, तिचा वास कसा होता?"

मी अभ्रा पुन्हा नाकाशी नेला. नवरा खाली बघत होता. रखवालदाराने फाटकाची एक बाजू ओढून घेतली.

बाबांनी अभ्रा माझ्या हातातच राहू दिला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठायला लागले.

"असू दे," ते म्हणाले. "धुऊन टाक आता."